नोंद बाळामागे चालावी म्हणून : पुण्याच्या सी-डॅकमधील आरोग्य-मानकांची वाटचाल

नवजात बाळाचे ऐकणे तपासणारे यंत्र हातात मावते. कानात रबरी टोकाची बारीक नळी बसवायची, त्यातून टकटक आवाज सोडायचे आणि अंतर्कर्णातल्या केसपेशींकडून उलट येणारा क्षीण ध्वनी टिपायचा. बाळ दूध पिऊन झोपलेले असेल तर दोन्ही कान काही मिनिटांत होतात. कानातून असा ध्वनी बाहेर येतो हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. त्यानंतरच्या चार दशकांत यंत्रे लहान झाली, स्वस्त झाली आणि भारतातही बनू लागली. अवघड राहिला तो पुढचा भाग. तपासणीचा निकाल बाळाच्या मागोमाग पुढच्या दवाखान्यापर्यंत पोचायला हवा आणि तिथल्या संगणकाला तो जसाच्या तसा कळायला हवा. हे ज्यावर अवलंबून आहे त्या आरोग्यनोंदींच्या मानकांचे काम देशासाठी पुण्यात, प्रगत संगणन विकास केंद्रात म्हणजेच सी-डॅकमध्ये चालते. त्या कामाची ही वाटचाल.

तिची कसोटी पाहायची असेल तर बीड जिल्ह्याइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. दसरा-दिवाळीच्या आगेमागे केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (हिशेबात एक जोडपे म्हणजे एक कोयता) सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडे ऊसतोडीला निघतात. अनेक टोळ्या सीमा ओलांडून बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतल्या कारखान्यांवर जातात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घर म्हणजे तळावरची कोपी, म्हणजे झोपडी. या मजुरांत गरोदर बायकाही असतात. बाईची नोंद गावच्या आशाताईच्या वहीत असते, बाळंतपण कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा परराज्यात होते आणि बाळाच्या पुढच्या तपासण्या हंगाम संपल्यावर परत बीडमध्ये. एका बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत तीन दवाखाने, दोन राज्ये आणि तितक्याच वेगवेगळ्या नोंदपद्धती येतात. ज्या तपासणीचे सगळे फळ वेळ पाळण्यावर अवलंबून आहे, तिच्यासाठी याहून कठीण परिस्थिती क्वचितच असेल.

सी-डॅकचा जन्म १९८८ चा. अमेरिकेने क्रे जातीचा महासंगणक द्यायला नकार दिल्यावर तो देशातच बांधायचा असे ठरले आणि पुणे विद्यापीठाच्या आवारात ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे पहिले प्रमुख होते. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ती कथा मराठी वाचकाला पाठ आहे, त्यामुळे इथे तिच्यावर थांबायचे कारण नाही.

त्याच इमारतीत त्याच वर्षांत दुसरे एक काम चालू होते, त्याकडे मात्र तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान, जिस्ट, पुण्यात आले. त्या कामाचा मोठा हातभार लागून भारतीय लिप्यांच्या संकेतांचे इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले. मानक नसले म्हणजे काय होते हे मराठवाड्यातल्या प्रत्येक डीटीपीवाल्याने भोगलेले आहे. एका फॉन्टमध्ये टंकलेली लग्नपत्रिका दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा बाजार दिसे. मजकूर तोच, संगणकही चांगला. पण 'क' साठी कोणता आकडा वापरायचा यावर दोघांचे एकमत नव्हते. पुढे युनिकोड आले आणि तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. आरोग्यनोंदींचा प्रश्न जातीने हाच आहे. फक्त इथे बिघडते ती पत्रिका नसते, बाळाचे निदान असते.

आरोग्यक्षेत्रात अशा एकमताचे प्रयत्न परदेशात थोडे आधी सुरू झाले होते. रुग्णालयातल्या एका संगणकाने दुसऱ्याला निरोप कसा द्यावा हे ठरवणारी एचएल-७ ही संघटना अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झाली. प्रयोगशाळेतल्या आणि इतर तपासण्यांना नेमके क्रमांक देणारी लॉइन्क यादी इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेत १९९४ मध्ये आकाराला आली. रोग, अवयव, लक्षणे, उपचार यांच्या संकल्पनांचा मोठा संग्रह, स्नोमेड सीटी, २००७ पासून एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हाती आहे. भारतात मात्र नव्वदच्या दशकात रुग्णालये नुकती कुठे संगणकावर येत होती. १९९८ च्या सुमारास लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेबरोबर सी-डॅकने संपूर्ण रुग्णालयाची माहिती-व्यवस्था बांधली. डिसेंबर २००२ मध्ये मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, नोएडा व तिरुवनंतपुरमची केंद्रे आणि मोहालीची संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाल्या. रुग्णालय-व्यवस्था, दूरवैद्यक आणि मानके असे तीन धागे त्यामुळे एका छत्राखाली आले. पुण्याच्या गटाने वैद्यकीय प्रतिमांसाठीचे डायकॉम आणि एचएल-७ ही मानके वापरणे सोपे जावे म्हणून सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांसाठी तयार साधने बनवली. अशी साधने विकत घेणारे तेव्हा थोडेच होते.

श्रवणाच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्राची सुरुवात आधीची आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला ९ ऑगस्ट १९८३ रोजी अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण-विकलांग संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना निधन पावलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. श्रवणतज्ज्ञ घडवणे, श्रवणयंत्रांचे वाटप, पालकांचे मार्गदर्शन ही कामे तिने उचलली. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला आहे आणि त्या गावाशी त्यांचा शिक्षक म्हणून जवळचा संबंध होता. कान-नाक-घशाच्या तज्ज्ञापर्यंत पोचायला पुणे-मुंबई गाठावी लागू नये, ही सोय या महाविद्यालयामुळे मराठवाड्याच्या या कोपऱ्यात झाली.

तरीही बाळे उशिराच येत. न ऐकणाऱ्या मुलात बाहेरून काहीच उणे दिसत नाही. ते हसते, रांगते, ताटली पडली की तिच्या हादऱ्याने वळतेही. 'याचे वडीलही उशिराच बोलले होते' असे घरातले वडीलधारे समजूत घालतात. दुसरे-तिसरे वर्ष उलटल्यावर शंका पक्की होते, आणि तोवर भाषा रुजण्याचा सर्वांत मोलाचा काळ गेलेला असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने २००० मध्ये एक वेळापत्रक घालून दिले : पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार. जगभर हजार जन्मांमागे एक ते तीन बाळांना कायमची श्रवणहानी असते असे मानले जाते. हा आकडा लहान वाटतो, पण नवजात अवस्थेत शोधता येणाऱ्या जन्मजात दोषांत तो वरच्या रांगेत आहे.

वेळापत्रक झाले, यंत्रे आली, कायदा झाला, आणि तरी अमेरिकेची फसगत झाली, हा या विषयातला सर्वांत बोलका भाग आहे. तिथे बहुतेक सर्व बाळांची तपासणी होऊ लागली. पण २००५ च्या सुमाराच्या आकडेवारीत असे दिसले की पहिल्या तपासणीत न उतरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळांचे पुढे काय झाले याची नोंदच राज्यांकडे नव्हती. यंत्रात निकाल होता, रुग्णालयाच्या कागदावर होता. राज्याच्या कार्यक्रमाकडे मात्र तो आठवड्यांनी, हाताने उतरवून, चुकत-माकत पोचत होता. मग तिथल्या रोग-नियंत्रण केंद्राने, राज्यांच्या कार्यक्रमांनी, यंत्रे बनवणाऱ्यांनी आणि मानक-संघटनांनी एकत्र बसून श्रवण-तपासणीसाठी स्वतंत्र निरोपाचा आराखडा बनवला. एचएल-७ च्या २.६ आवृत्तीवर आधारलेली मार्गदर्शिका आली. जन्म झाल्याची वर्दी रुग्णालयाने लगेच कार्यक्रमाला द्यावी यासाठी वेगळा आराखडा झाला आणि बाळाच्या पुढील काळजीच्या योजनेसाठी आणखी एक.

या आराखड्यांत काय ठरवले आहे हे जवळून पाहण्यासारखे आहे. उजवा कान आणि डावा कान यांचे निकाल वेगळे, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. तपासणी कोणत्या पद्धतीने झाली ते वेगळे. कारण अंतर्कर्णाचा ध्वनी टिपणारी पद्धत कानापुरतेच सांगते. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दोष असेल तर ती बाळाला खुशाल 'पास' करते. म्हणून नवजात अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांची मज्जातंतूंचा प्रतिसाद मोजणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने तपासणी करावी लागते. पद्धत लिहिलेली नसेल तर त्या 'पास'ला अर्थ उरत नाही. त्यानंतर येते रिकामी चौकट. वहीतला रिकामा रकाना वाचणाऱ्याला काहीही सांगू शकतो : यंत्र बंद होते, बाळ रडत होते, आईने नकार दिला, बाळाला आधीच सुट्टी मिळाली, नाहीतर लिहिणारीला वेळ नव्हता. मानकात रिकामेपणाला जागा नाही. तपासणी झाली नसेल तर का झाली नाही, याचाही ठरलेला संकेत द्यावा लागतो. जुळ्यांसाठी जन्मक्रमाचा रकाना आहे. जोखमीची कारणे (कुटुंबातला बहिरेपणा, अतिदक्षता कक्षातला मुक्काम, गरोदरपणातले काही संसर्ग, तीव्र कावीळ) वेगळी नोंदवायची आहेत, कारण अशा बाळांना आज ऐकू येत असले तरी पुढे वर्ष-दोन वर्षे लक्ष ठेवावे लागते.

भारताने हा धडा वेगळ्या मार्गाने घेतला. कोचीत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शाखेने डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये केंद्रीभूत तपासणी सुरू केली. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्याऐवजी एक यंत्र आणि एक प्रशिक्षित व्यक्ती वारी लावून रुग्णालयोरुग्णालयी फिरे, आणि सगळ्या नोंदी एका ठिकाणी जमत. यंत्र वाटून घेण्याची काटकसर सर्वांच्या लक्षात आली. नोंदी एका जागी राहिल्यामुळे पाठपुरावा झाला, हे तितके लक्षात आले नाही. केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधल्या ३० आजार-व्यंगांत जन्मजात बहिरेपणाला जागा मिळाली. प्रसूती जिथे होईल तिथले कर्मचारी, घरी भेट देणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडी-शाळांत फिरणारी डॉक्टरांची पथके अशी तीन पदरी रचना झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान व उपचाराचे केंद्र ठरले. २०१४ मध्ये साहाय्यक उपकरणांच्या केंद्रीय योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट आले, वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याची समन्वयक झाली आणि जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा ठरली. म्हणजे उशीर झाला तर आता शस्त्रक्रियेची सरकारी वाटही बंद होणार होती.

या सगळ्या काळात कागद वाढत गेला, हेही नोंदवायला हवे. उपकेंद्राच्या एका परिचारिकेकडे गरोदर मातांचे रजिस्टर, लसीकरणाचे रजिस्टर, माता-बाल संरक्षण कार्ड आणि त्याशिवाय प्रत्येक कार्यक्रमाचा आपला अहवाल. माता-बालकांचे ऑनलाइन पोर्टल आले, तसे वहीतले आकडे रात्री पोर्टलवर चढवायचे कामही आले. दोन पोर्टले एकमेकांशी बोलत नसतील तर तीच माहिती दोनदा टंकावी लागते, आणि दोनदा टंकलेली माहिती बहुधा दोन प्रकारची होते. संगणकीकरणाचा पहिला भार खालच्या पायरीवर पडला, हे मान्य केल्याशिवाय पुढच्या टप्प्याचे मोल कळणार नाही.

त्या टप्प्याची सुरुवात २०१३ मध्ये झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची भारतीय मानके जाहीर केली. २०१४ मध्ये भारत स्नोमेड सीटी चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला, त्यामुळे देशात कोणालाही तो संग्रह परवाना-शुल्काशिवाय वापरता येऊ लागला. मानके जाहीर करणे आणि ती राबवणे यांत मोठे अंतर असते. ते भरून काढण्यासाठी मंत्रालयाने सी-डॅक पुणे येथे इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदी मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र स्थापन केले.  लिपीच्या मानकांत ज्या संस्थेचा हात बसला होता तिलाच हे काम मिळावे, यात योगायोग कमी आणि औचित्य जास्त आहे.

केंद्राकडे आलेले काम दिसायला रुक्ष. साडेतीन लाखांहून अधिक संकल्पनांच्या संग्रहाची प्रत्येक नवी आवृत्ती देशात पोचवायची. भारतात विकल्या जाणाऱ्या औषधांचे, आयुर्वेदादी पद्धतींतल्या संज्ञांचे भारतीय विस्तार तयार करायचे. डॉक्टरने चार अक्षरे टंकताच योग्य संकल्पना समोर यावी अशी शोधसाधने बनवून सॉफ्टवेअरवाल्यांना द्यायची. प्रशिक्षणवर्ग घ्यायचे, मदतकक्षात येणाऱ्या शंकांना उत्तरे द्यायची. अशा कामाचा सत्कार होत नाही. मानक नीट बसले की ते कोणाला दिसत नाही. फसले तरच नाव निघते.

अडचणी भरपूर होत्या. मानके सुचवलेली होती, सक्तीची नव्हती. रुग्णालयांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची संख्या मोठी आणि बहुतेकांचे ग्राहक म्हणजे बिले काढण्यापुरता संगणक वापरणारी छोटी रुग्णालये. आपली माहिती आपल्याच रचनेत ठेवली की ग्राहक दुसरीकडे जात नाही, हा व्यापारी हिशेबही होता. डॉक्टरांची तक्रार खरी होती : बाह्यरुग्ण विभागात समोर रांग लागलेली असताना संकेत शोधत बसायचे कोणी? सरकारी रुग्णालयांत यंत्रे होती तर वीज नव्हती, वीज होती तर ऑपरेटरचे पद रिक्त. २०१६ च्या डिसेंबरमध्ये मानकांची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात अनुभवाने आलेला व्यवहारीपणा दिसतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने डिजिटल आरोग्याला बळ दिले, २०१८ मध्ये आरोग्य-माहितीच्या रकान्यांची राष्ट्रीय मानके अधिसूचित झाली, २०१९ मध्ये डिजिटल आरोग्याचा आराखडा तयार झाला. ही सारी वर्षे सभांची, मसुद्यांची आणि दुरुस्त्यांची होती.

जगातही याच सुमारास वारे बदलले. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये मांडलेले फायर हे एचएल-७ चे नवे मानक वेबच्या परिचित तंत्रावर उभे होते. छोट्या कंपनीतला नवखा प्रोग्रॅमरही ते थोड्या दिवसांत शिकू शके. त्याची चौथी आवृत्ती २०१८ च्या अखेरीस आली. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ते देशभर सुरू झाले. या अभियानासाठी फायरची भारतीय मार्गदर्शिका लिहिण्याचे काम पुण्याच्या केंद्राकडे होते. बाह्यरुग्ण तपासणी, औषधचिठ्ठी, रुग्णालयातून सुट्टी देतानाचा गोषवारा, निदान-अहवाल, लसीकरण अशा नोंदींचे साचे तिने ठरवून दिले. साचे सर्वांसाठी खुले आहेत. केंद्राच्या संकेतस्थळावरून कोणीही ते उतरवून घेऊ शकतो. सी-डॅकने सुचवायचे आणि कंपन्यांनी दुर्लक्ष करायचे, हे दिवस इथे सरू लागले, कारण अभियानाशी जोडून घ्यायचे तर हेच साचे वापरावे लागतात.

श्रवण-तपासणीचा निकाल या रचनेत निदान-अहवालाच्या साच्यात बसतो. अहवाल एक, आत निरीक्षणे दोन : एक उजव्या कानाचे, एक डाव्या कानाचे. तपासणीला लॉइन्कचा क्रमांक, निकालाला आणि अवयवाला स्नोमेडचा संकेत. पद्धत, वेळ, यंत्र आणि तपासणारी व्यक्ती यांच्या जागा ठरलेल्या. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या दवाखान्याच्या पडद्यावर कन्नड दिसो आणि केजच्या पडद्यावर मराठी, आतला आकडा एकच राहतो.

केज तालुक्यातल्या एखाद्या बाळंतिणीच्या वाटेने हे पाहू. गरोदरपणाची नोंद गावी झाली, तेव्हा तिला माता-बाल पोर्टलचा क्रमांक मिळाला. टोळी अथणीकडे गेली. बाळंतपण तिथल्या सरकारी दवाखान्यात झाले. बाळाला नाव नाही; कागदावर ते आईच्या नावाने 'अमुकचे बाळ' असते आणि बारशानंतर नाव पडते. आईचे नावही दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लागलेले असू शकते, एकीकडे माहेरचे, एकीकडे सासरचे. वय अंदाजाने सांगितलेले, मोबाइल नंबर नवऱ्याचा, कधी मुकादमाचा. अशा वेळी नाव जुळवून बाळ शोधणे म्हणजे नशिबावर हवाला. म्हणून देवाणघेवाणीच्या प्रत्येक आराखड्यात ओळखीचा भाग आधी येतो : बाळाची नोंद आईच्या क्रमांकाशी बांधायची, जन्माची तारीख, वेळ आणि जन्मक्रम नोंदवायचा, नाव मागाहून भरायचे. आईकडे डिजिटल आरोग्य अभियानातला चौदा अंकी आभा क्रमांक असेल तर काम आणखी सोपे. अथणीच्या तपासणीत डावा कान उतरला नाही, असे धरू. प्रसूतीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानात राहिलेल्या स्रावामुळे असे पुष्कळदा होते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पण काही आठवड्यांत फेरतपासणी हवी. तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. तिथल्या दवाखान्याला, आणि मार्चनंतर बीडच्या पथकाला, पालकांच्या संमतीने तो निकाल उघडून पाहता आला, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही आणि तिसऱ्या महिन्यातले निदान आवाक्यात राहते.

संमतीचा मुद्दा केवळ कायद्याच्या कलमापुरता नाही. अभियानाच्या रचनेत आरोग्यनोंदी एका मोठ्या कोठारात गोळा केल्या जात नाहीत. त्या जिथे तयार झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णाने, लहान मुलाच्या बाबतीत पालकाने, परवानगी दिल्यावर ठरावीक काळापुरत्या दुसरीकडे दाखवल्या जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण ज्या बाईचा फोन मुकादमाच्या नंबरवर चालतो तिची संमती कशी घ्यायची, याचे उत्तर साच्यात लिहून मिळत नाही. तिथे आशाताईच लागते.

या वाटचालीत हात अनेकांचे आहेत आणि बहुतेकांची नावे कुठल्याच अहवालात येत नाहीत. कोपीपर्यंत चालत जाऊन बाळाचे वजन घेणारी आशा, झोपलेल्या बाळाची वाट पाहत यंत्र हातात घेऊन बसलेली परिचारिका, अंगणवाडीमागून अंगणवाडी फिरणारी बाल स्वास्थ्य पथके, अंबाजोगाई आणि बीडच्या रुग्णालयांतले डॉक्टर, वांद्र्याच्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेले श्रवणतज्ज्ञ, रात्री उशिरापर्यंत पोर्टलवर आकडे चढवणारे ऑपरेटर. आणि पुण्यात एकेका संकल्पनेचा संकेत तपासणारे अभियंते. जगभरातल्या मानक-समित्यांत विनामोबदला काम करणारे डॉक्टर आणि प्रोग्रॅमरही यातच मोजायचे, कारण त्यांच्या कामावर पुण्याचे काम उभे आहे. तपासणीची यंत्रे देशात बनवणाऱ्या नव्या उद्योगांनीही भार उचलला. २०१७ मध्ये आलेले 'सोहम' हे मेंदूचा प्रतिसाद मोजणारे भारतीय यंत्र त्याचे उदाहरण. महागड्या परदेशी यंत्राअभावी अडलेल्या छोट्या रुग्णालयांसाठी त्याने वाट मोकळी केली.

आज पुण्याचे केंद्र स्नोमेड सीटीचे भारतातील अधिकृत वितरण केंद्र आहे, डिजिटल आरोग्य अभियानाचे साचे त्याच्या नावाने ओळखले जातात आणि आरोग्य-सॉफ्टवेअर बांधणाऱ्याला पहिली शंका आली की विचारायला एक जागा आहे. दुसऱ्या बाजूला महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित कुटुंबांचा माग ठेवणारी व्यवस्था उभारली आणि पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थीची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवण्याची सोय आली. पुढचे काम या दोन बाजू जोडण्याचे आहे. तपासणी यंत्रातून निकाल थेट साच्यात उतरावा आणि मध्ये कोणी तो हाताने टंकू नये, यासाठी यंत्र बनवणाऱ्यांना एका रचनेवर आणावे लागेल. तपासणी न झाल्याच्या कारणांची भारतीय यादी ठरवावी लागेल आणि तिच्यात 'टोळी पुढे गेली' यालाही स्वतःचा संकेत द्यावा लागेल. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या आरोग्य विभागांना बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या नोंदी एकाच साच्यात ठेवाव्या लागतील. गळीत हंगाम दर वर्षी साधारण त्याच सुमारास सुरू होतो, त्यामुळे या जोडणीची चाचणी कुठे आणि कधी घ्यायची हे शोधावे लागत नाही : ऑक्टोबर उजाडताच, बीडमधून टोळ्या निघण्याआधी, गरोदर बायकांच्या यादीपासून.